ड्रुसिलाचं तोंड दिव्याकडं

आसा : ...आणि हे मिसेस बील्सचं. बुडाला पट्टी चिकटवलीय, तीवर नाव आहे. बी-ल्-स. ह्यातून शिंपल्यांचं कालवण आलं होतं ना?

लेटी : बाबा, भांडी राहू द्या आता. मिस हॅलोवेल एवढ्या बॉस्टनहून आल्यात, त्या काय शेजाऱ्यांची भांडी ओळखायला आल्यात?

मिस हॅलोवेल : असू दे, असू दे. मला घाई नाही. टपालाची बोट चार वाजता सुटते म्हणाले.

लेटी : चार म्हणजे साडेतीन धरा. कप्तानाच्या मनात आलं की सुटते ती.

आसा : आज ओहोटी आहे. धक्क्याला लागायची नाही बोट. बाहेर उभी राहील. मी होडीनं नेऊन घालतो बाईंना.

मिस हॅलोवेल : तुम्ही कशाला त्रास घेता, मिस्टर थर्लो. अशा दिवसांत...

आसा : दिवस कसलेही असले तरी समुद्रातले पिंजरे उचलायला जातोच की मी. शेवंडींना काय माहीत, कुणाच्या घरी कोण गेलं. कॉफी घ्या. लेटी, बाईंना केक दे. कुणाचा आहे तो?

लेटी : पास्टरच्या बायकोचा. दगड आहे नुसता. कॉफीत बुडवून खा, मिस हॅलोवेल, नाहीतर दात जायचा. ही शेजारधर्माची रीत आमच्याकडे. माणूस गेलं की सगळं गाव रांधून आणतं, आणि मग महिनाभर आम्ही भांडी परत करत हिंडायचं.

मिस हॅलोवेल : चांगला आहे केक.

लेटी : तुम्ही शिकलेल्या माणसांना खोटं बोलायची सवय हवीच म्हणा.

मिस हॅलोवेल : मी मघाशी सांगत होते ते... आयडाची पुस्तकासाठीची चित्रं प्रकाशनाच्या ऑफिसात उघडली तेव्हा सगळे टेबलाभोवती जमले होते. आणि कॉफी गार होईतो तिथून कुणी हललं नाही. आमच्याकडे असं होत नाही. एरवी जो तो आपल्या कामाकडे पळतो.

आसा : सगळी पोचली? भिजली नाहीत ना?

मिस हॅलोवेल : एकही नाही. काय सुंदर बांधली होती.

लेटी : मीच बांधली. मेणकापडात. धाकटीला, आयडाला, मातीत ठेवून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी. बाबा म्हणाले, तिनं कबूल केलंय, पाठव. पाठवली. नाहीतरी हातांना काहीतरी हवंच होतं.

आसा : होडीचं शेवटचं होतं. ते झालं तसा तिनं ब्रश धुतला. स्वतः धुतला. मला धुऊ दिला नाही.

मिस हॅलोवेल : त्याच चित्राबद्दल मला बोलायचं आहे. पत्रात लिहिणं बरं वाटेना, म्हणून आले.

लेटी : वाटलंच मला. चांगलं सांगायचं तर माणूस पत्राला तिकीट लावतो, स्वतः येत नाही.

आसा : लेटी.

लेटी : मी काही म्हणाले का?

मिस हॅलोवेल : नाही, बरोबर आहे तुमचं. आधी हे दाखवते. हा नमुना आहे, छापलेला नाही, नुसता चिकटवून बनवलाय. मुखपृष्ठ असं दिसेल. मिस्टर थर्लो, तुम्ही फोनवर विचारलं होतंत ना, नाव कुठं येणार म्हणून? दुकानातून फोन केला होतात.

आसा : हो. दुकानातली सगळी ऐकत होती. द्या इकडं. चष्मा... कपाळावरच आहे होय. "दीप... गृहातली... ड्रुसिला." हे मोठं. आणि खाली...

लेटी : मी वाचू?

आसा : नको. मी वाचतो. "चित्रं." मग दोन टिंबं. "आयडा." "थर्लो."

मिस हॅलोवेल : ते सोनेरी येईल. आत्ता पिवळ्या शाईनं केलंय.

आसा : आयडा थर्लो. आयडा म्हणजे तीन अक्षरं. तिच्या आईनं मुद्दाम ठेवलं होतं आखूड नाव. म्हणाली, हिच्या बापाला कधी कागदावर लिहावं लागलं तर जमलं पाहिजे. लेटी ही नुसती हाक; तिचं कागदावरचं नाव आजीचं, ते आम्हाला बदलता येईना. लांबलचक.

लेटी : मला पोस्टाच्या पाकिटावर "ले" एवढंच लिहून पाठवायचे हे. पोचायचं तरी. ह्या बेटावर दुसरी "ले" आहे कोण?

मिस हॅलोवेल : तुम्ही वाचायला उशिरा शिकलात?

आसा : पन्नाशी उलटल्यावर. आयडानं शिकवलं. ह्याच पुस्तकावर. दुसरं कुठलं पुस्तक घरात होतं? एक बायबल, पण ते आईचं, त्याला हात लावायची भीती.

लेटी : आणि हे मात्र एक सोडून तीन. कपाटात उभ्याच आहेत, बघा. आजीची प्रत, तीत ड्रुसिला टोपी घालून, म्हातारीसारखी. आईच्या प्रतीत केस मोकळे, वादळात निघालीय पण केस असे, जसे आत्ताच कुणी विंचरून दिलेत. मला शाळेत बक्षीस मिळालं त्यात तर टाचांचे बूट! दीपगृहाच्या राखणदाराची पोर, खडकावर टाचांचे बूट घालून फिरते. पुस्तक तेच, एक शब्द बदललेला नाही, आणि पोरगी दर वेळी वेगळ्याच घरची.

मिस हॅलोवेल : ज्या काळात छापतात त्या काळातली मुलगी काढतात. ते असंच होतं. पण एक गोष्ट कधी कुणी बदलली नाही.

लेटी : होडी.

मिस हॅलोवेल : होडी. वादळ, लाटा, आणि होडीतली ड्रुसिला लाटांकडे तोंड करून वल्ही मारतेय. पहिल्या आवृत्तीच्या चित्रकारानं काढलं, मग दुसऱ्यानं त्याचं पाहून काढलं, तिसऱ्यानं दुसऱ्याचं. आणि दर वर्षी आम्हाला पत्रं येतात. कोळ्यांची, खलाशांची, एकदा तर एका आरमारी अधिकाऱ्याचं आलं. अहो, वल्हवणारा माणूस जायच्या दिशेकडे पाठ करून बसतो. आम्हाला माहीत आहे. ऑफिसातल्या टायपिस्ट मुलीलाही माहीत आहे.

आसा : मग?

मिस हॅलोवेल : मग काय. आजी दुकानात येते, नातीसाठी पुस्तक घ्यायला. वादळाला सामोरी जाणारी मुलगी मुखपृष्ठावर दिसली नाही, की म्हणते, हे ते पुस्तक नव्हे. आणि ठेवून देते. साबणाच्या डब्यावर तेच चित्र आहे, कॅलेंडरवर तेच आहे. लोकांच्या मनात ड्रुसिला म्हणजे तीच.

लेटी : आणि आयडानं तिला फिरवली.

मिस हॅलोवेल : आयडानं बरोबर काढली. लाटांकडे पाठ, तोंड दीपगृहाकडे. मला स्वतःला... माझं मत जाऊ द्या. ते चित्र मी घरी नेऊन भिंतीला लावलं असतं. पण आमचे वरचे म्हणतात, मुखपृष्ठावर असं चालणार नाही.

आसा : पण ह्यावर तर आहे की. हे काय, आयडाचीच होडी आहे. आयडाच्या लाटा.

मिस हॅलोवेल : हो. नीट बघा, मिस्टर थर्लो.

आसा : ...मुलगी फिरवलीय.

मिस हॅलोवेल : फोटोवर. मूळ चित्राला कात्री लागलेली नाही, लागू देणारही नाही मी. चित्राचा फोटो काढला, त्यातली मुलगी कापून उलटी लावली. हात थोडे पुन्हा रंगवावे लागतील, आमच्याकडचा माणूस करेल ते. पण आयडाशी करारात ठरलं होतं, तिला विचारल्याशिवाय बदल करायचा नाही. आता ती नाही, म्हणून तुम्हाला विचारायला आले.

लेटी : आणि नाही म्हणालो तर?

मिस हॅलोवेल : तर मुखपृष्ठावर जुनंच चित्र जाईल, पहिल्या आवृत्तीतलं. आयडाचं होडीचं चित्र आतल्या प्रकरणात, जसंच्या तसं. बाकीची चित्रंही आत. फक्त मुखपृष्ठ तिचं नाही, म्हणून त्यावर नाव येणार नाही. आतल्या पहिल्या पानावर येईल, खाली.

आसा : बारीक?

मिस हॅलोवेल : बारीक.

आसा : सोनेरी नाही.

मिस हॅलोवेल : नाही. काळं.

लेटी : करा म्हणावं फिरवून.

आसा : अं?

लेटी : फिरवा म्हणते मी. बाबा, असं बघू नका माझ्याकडे. आख्ख्या उमेदीत तिनं काय केलं? साबणाच्या जाहिराती. बिस्किटांच्या डब्यांवरच्या गाई. औषधाच्या बाटलीवरचं ते खोकणारं कुटुंब. कुठं नाव आहे तिचं? एका गाईच्या खुरापाशी तिनं चोरून "आ" काढला होता, तोसुद्धा खोडायला लावला त्यांनी. आता पहिल्यांदा नाव येतंय, तेही सोनेरी, तर पोरगी इकडं बघते का तिकडं बघते ह्यावरून अडायचं? कोण बघणार आहे? ती स्वतः तर नाही ना बघणार.

मिस हॅलोवेल : मी एवढ्या स्पष्टपणे म्हटलं नसतं, पण...

लेटी : पण तेच म्हणायला आलात.

आसा : बरं. मग तसं करा.

मिस हॅलोवेल : तुम्ही विचार करा, मिस्टर थर्लो. मी पुढच्या आठवड्यातही...

आसा : विचार कशाचा. माझं डोकं हल्ली नुसतं चालू असतं, आत काही नसतं. दुकानात मी सगळ्यांना सांगून बसलोय, मुखपृष्ठावर नाव येणार. बील्स म्हणाला, आसा, खरं सांगतोस? म्हटलं, बाई स्वतः घेऊन येणार आहेत. तसं करा. कॉफी घ्या अजून.

लेटी : बाबा, कप भरलाय त्यांचा. सांडेल.

आसा : ...दिवा कुठं गेला?

मिस हॅलोवेल : कुठला?

आसा : ह्यात, दीपगृहाचा. हां, हा इथं आहे, कोपऱ्यात. पण आता तो हिच्या पाठीमागं झाला.

मिस हॅलोवेल : हो. मुलगी फिरवली की दिवा पाठीमागेच येणार.

आसा : मग हिला कसं कळणार?

लेटी : काय कसं कळणार?

आसा : बाप तापानं पडलाय. धाकटा भाऊ वर एकटा, दिव्यापाशी. ही डॉक्टरला आणायला निघाली. दिवा जळतोय तोवर पोरगा जागा आहे, बाप आहे. विझला तर परत फिरायचं. आणि होडी सरळ चाललीय का ते तरी कसं कळणार? दिवा आपल्या नाकासमोर धरायचा आणि पाठीनं पुढं जायचं. पुस्तकात लिहिलंय तसं. मी वाचलंय.

मिस हॅलोवेल : लिहिलंय. मलाही पाठ आहे तो भाग.

आसा : मग ठीक आहे. माहीत असून करता आहात ना. मग ठीक.

लेटी : बाबा, एक काय ते ठरवा.

आसा : ठरवलं की. तसं करा म्हणालो. नुसतं विचारलं. लेटी, तुझी प्रत काढ. बाईंना दाखव.

लेटी : नाही.

आसा : दाखव म्हटलं.

लेटी : ती दाखवण्यासारखी राहिलीय का? बघा मिस हॅलोवेल, ही. माझी, बक्षिसाची. हात पुसा आधी, केकचे. हे ते पान.

मिस हॅलोवेल : अगं बाई.

लेटी : आयडा सात वर्षांची होती. शिवणाची कात्री घेतली, होडीतली ड्रुसिला कापून काढली, कणकेची खळ लावून उलट्या बाजूनं चिकटवली. का? तर ही बाई चुकीची बसलीय! माझं पुस्तक. मला मिळालेलं बक्षीस. अख्ख्या शाळेत एकच मिळालं होतं. चार दिवस बोलले नाही मी तिच्याशी. ती माझ्यामागं फिरायची आणि म्हणायची, पण लेटी, बाबा असे नाही ना बसत.

मिस हॅलोवेल : पण हिच्या अंगावर... ही तर अक्षरं आहेत.

लेटी : उलटी केल्यावर दुसरं काय दिसणार? पानाच्या मागं मजकूर होता. चित्रातली मुलगी गेली आत, आणि मागच्या ओळी आल्या वर. नुसती आकृती, आणि अंगभर छापील शब्द. चेहराच नाही हे लक्षात आल्यावर मग तिनं पेन्सिलीनं दोन डोळे काढले, हे बघा, "अजून"च्या दोन बाजूंना. आणि हे पान उलटलं की पलीकडे भोक. मुलीच्या आकाराचं. त्या पानावर काय लिहिलं होतं ते मला आईच्या प्रतीत वाचावं लागलं.

आसा : मी त्या पोरीच्या अंगावरच वाचायला शिकलो. शब्द थोडे होते ना. अर्धे कापलेले. सगळं पान समोर आलं की मला मुंग्या दिसायच्या. आयडा म्हणायची, बाबा, पान राहू दे, फक्त ड्रुसिला वाचा. "दिवा." मग "अजून." मग "दिस", पुढचं कापलंय.

मिस हॅलोवेल : आणि आता आम्ही तेच करतो आहोत. कात्री घेऊन.

लेटी : तिनं एका बाजूला फिरवली, तुम्ही दुसऱ्या. हिशेब मिटला.

मिस हॅलोवेल : तुम्ही रागावला आहात.

लेटी : मी? मला काही होत नाहीये. खरंच सांगते. सगळे विचारतात, लेटी, रडलीस का? मी भांडी घासते. मघाशी तुम्ही चित्रातली मुलगी फिरवलीत म्हणालात, तेव्हासुद्धा मला काही झालं नाही. फक्त मानेत कळ आली.

मिस हॅलोवेल : मानेत?

लेटी : ती मी आहे ना.

मिस हॅलोवेल : कोण?

लेटी : चित्रातली. ओळखलं नाहीत? बरोबर आहे, तीस वर्षांनी लहान केलीय मला. सगळ्या चित्रांना मीच बसले. बिस्किटांच्या गाईंनासुद्धा, विचारू नका. हे स्वयंपाकघरातलं बाक तिच्या खाटेपाशी नेलं, हातात दोन झाडू दिले. हेच ते, दाराआडचे. मी बाकावर, झाडू मारतेय हवेत. ती उशांना टेकून, मांडीवर फळी. म्हणायची, लेटी, खाली नको बघू, दिव्याकडे बघ. मी म्हटलं, दिवा कुठाय इथं? म्हणाली, मी आहे ना, माझ्याकडे बघ.

आसा : मला ऐकू यायचं बाहेर. हसायच्या दोघी.

लेटी : मी नव्हते हसत. मान अवघडायची माझी. तिची झोप लागली तरी मी तशीच बसलेली असायचे, झाडू धरून, कारण हलले तर म्हणायची, हललीस. डोळे मिटलेले असले तरी कळायचं तिला.

मिस हॅलोवेल : मिस थर्लो...

लेटी : लेटी म्हणा. आता दुसरी मिस थर्लो कुणी नाही, तरी पण.

आसा : म्हणजे ही पोरगी आयडाकडं बघतेय.

लेटी : असू दे हो बाबा. लोकांना काय कळणार आहे. तुम्ही ते सोनेरी नाव पदरात घ्या. तुम्ही सगळ्यांना सांगितलंय.

आसा : आणि ह्यांनी फिरवली की तिच्याकडं पाठ.

लेटी : म्हटलं ना, असू दे.

आसा : बाई, हे तुम्ही घेऊन जा.

मिस हॅलोवेल : नमुना? तुमच्यासाठीच आणला होता मी. नाव आहे त्यावर.

आसा : वाचलं मी नाव. न्या परत. मुखपृष्ठावर तुमची जुनीच घाला, वादळाकडं बघणारी. लोकांना हवी आहे तर घेऊ देत. आमची आत ठेवा, आहे तशी.

लेटी : बाबा, मग नाव आत जाईल. बारीक. तुम्हाला चष्म्यानंसुद्धा...

आसा : तीन अक्षरं आहेत. शोधीन मी.

लेटी : दुकानात काय सांगाल?

आसा : सांगेन, पान उलटा. बील्सला वाचता येतं चांगलं. त्याच्या भांड्यावर लिहिलंय की.

मिस हॅलोवेल : मी प्रयत्न करीन, मिस्टर थर्लो. आतल्या पानावर नाव थोडं मोठं...

आसा : काही करू नका. जसं ठरलंय तसं. चला, डगला घाला. धुकं येतंय, कप्तान थांबायचा नाही.

लेटी : मिस हॅलोवेल, हे पास्टरचं भांडं त्या बाजूलाच जायचंय, पण तुम्हाला कुठं देऊ. जाऊ द्या. केक बांधून देते. न्याच. माशांना टाका वाटेत, पण मला सांगू नका.

(धक्क्यापासून थोडं दूर. होडीत दोघं समोरासमोर. वल्ह्यांचा आवाज.)

मिस हॅलोवेल : मी इथं बसू? मागच्या फळीवर?

आसा : तिथंच. तोंड माझ्याकडं. जायची बाजू आता तुम्हाला दिसते, मला नाही. काही आडवं आलं तर सांगा. पिंजऱ्यांचे तरंगते लाकडी गोळे असतात, दोर अडकतो वल्ह्यात.

मिस हॅलोवेल : बोट दिसतेय. अंधुक. थोडं डावीकडे... माझ्या डावीकडे.

आसा : कळलं.

मिस हॅलोवेल : मला वाटलं होतं, मी काहीतरी देऊन जाईन तुम्हाला. उलट घेऊनच निघाले.

आसा : चित्रं तुमच्याकडं आहेतच. छापा नीट. काळं काळं करू नका, जुन्यांत सगळ्या लाटा डांबरासारख्या आहेत.

मिस हॅलोवेल : नाही करणार. मी स्वतः उभी राहीन छापताना... समोर मोकळं आहे. तुम्हाला काय दिसतं तिकडे?

आसा : घर. धक्का. लेटी उभी आहे धक्क्यावर, हातात भांडं आहे कुणाचं तरी.

मिस हॅलोवेल : धुक्यात दिसतेय?

आसा : थोडी.

मिस हॅलोवेल : थंडी आहे. आत जायला हवं त्यांनी. गेल्या का?

आसा : नाही. अजून आहे.